छत्रीची झाली भिंगरी

आमच्या धंद्यात माल कमी आणि भोकं जास्त. सिमेंटची जाळी म्हणजे दुसरं काय असतं? गिऱ्हाइकाला हवी असतात ती भोकं, आणि आम्ही त्याला टेम्पोत भरून देतो ते भोकांच्या भोवतीचं सिमेंट. माझी बायको सुमन हे पहिल्यांदा बोलली तेव्हा मला राग आला होता. पुढं तेच वाक्य मी स्वतःचं म्हणून गिऱ्हाइकांना ऐकवायला लागलो, आणि ती आतून हसायची.

या अंकाच्या संपादकांनी 'शहराच्या सौंदर्यात कारागिराचा वाटा' असा विषय सुचवला. विषय भारदस्त आहे, पण मला तो पेलायचा नाही. जालन्यात जाळ्या पाडण्यात माझी वीस-बावीस वर्षं गेली, त्यातल्या एका घराची हकीकत सांगतो. सौंदर्य आणि वाटा काय असेल तो वाचणाऱ्यांनी त्यातून काढून घ्यावा.

मी मूळचा मंठ्याजवळच्या एका खेड्यातला. चित्रकला शिक्षकाचा कोर्स केला, पण कुठल्याच शाळेत जागा निघेना. गावातले लोक मात्र कोर्स झाल्या दिवसापासून मला गुरुजी म्हणायला लागले, आणि ते नाव जन्माला चिकटलं. आमच्या वस्तीतल्या विहाराला तेव्हा खिडकीच्या जागा सोडलेल्या होत्या, पण खिडक्या बसवायला पैसे नव्हते. दुपारच्या वेळी शेळ्या त्यातून उड्या मारून आत जायच्या आणि वंदनेला लोक आले की निवांत रवंथ करत बघत राहायच्या. मी सुताराकडून एक लाकडी साचा करून घेतला आणि पिंपळपानाच्या नक्षीची जाळी पाडली. शेळ्या बाहेर राहिल्या, वारा आत आला. लोक म्हणाले, काय सुंदर कला आहे. खरं सांगायचं तर माझ्या कलेची सुरुवात शेळ्या हाकलण्यापासून झाली.

१९८१ साली जालना जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, साहेब आले, कारकून आले, आणि जो तो घर बांधायला लागला. तोवर जुन्या घरांना मातीची माळवदं असायची. उन्हाळ्यातही आत गारवा राहायचा. नव्या घरांवर स्लॅब आला. स्लॅब दिसायला ऐटदार, पण वैशाखात त्याच्याखाली बसलं की माणूस पापडासारखा भाजून निघायचा. पंखा लावला तर तो वरची गरम हवा डोक्यावर टाकायचा, आणि वीज गेली तर तेवढंही नाही. मी हे बघितलं आणि जालन्यातल्या मस्तगड भागाच्या मागं एक पत्र्याचं शेड भाड्यानं घेऊन जाळ्यांचा कारखाना टाकला. कारखाना म्हणजे मी, सुमन आणि दोन मजूर बायका.

जाळी करायची रीत सोपी आहे. साच्याला आतून काळं ऑइल पुसायचं, म्हणजे माल चिकटत नाही. सिमेंट आणि दगडाची बारीक कच कालवून भरायची. मध्ये तारा घालायच्या. आमच्या गावात लोखंडाच्या रोलिंग मिला पुष्कळ, तिथले टाकाऊ तुकडे आम्हाला स्वस्तात मिळायचे. भरलं की साचा ठोकायचा, म्हणजे आतली हवा निघून जाते. दुसऱ्या दिवशी साचा उघडायचा आणि मग जाळीला भरपूर पाणी पाजायचं. इथंच आमची पंचाईत. जालन्याला नळाचं पाणी कधी येईल ते नळालाही माहीत नसायचं. शेजारची एक बाई भांडायला आली आणि म्हणाली, "लोकाला प्यायला पाणी न्हाई, आन हा बाप्या सिमेंटला पाणी पाजून राह्यला."

तिचं बरोबर होतं. मग सुमननं रीत काढली. जाळ्या मेंढ्यांसारख्या एकमेकींना खेटून उभ्या करायच्या, वर ओलं गोणपाट टाकायचं आणि त्यावर कडबा. अंघोळीचं, धुण्याचं पाणी गोणपाटावर. त्यातलंही खाली निथळलेलं पाणी खड्ड्यात जमवून पुन्हा वर. काही दिवसांनी तीच शेजारीण धुण्याचं पाणी आमच्याकडं आणून ओतायला लागली आणि "माझ्या पाण्यानं तुमच्या जाळ्या पक्क्या झाल्या" असं लोकांना सांगायला लागली.

तर अशा दिवसांत भागवतराव आमच्या शेडात आले.

भागवतराव वडीगोद्रीकडचे. घरची शेती भावाकडं सोपवून जालन्याला ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान टाकलेलं. दुकान चांगलं चालायचं, पण त्यांचा जीव राजकारणात. नगरपालिकेच्या निवडणुकीत अपक्ष उभे राहिले, छत्री हे चिन्ह मिळालं आणि निवडून आले. तेव्हापासून छत्री म्हणजे त्यांचं दैवत. पाऊस असो नसो, काखेत छत्री घेतल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत. मस्तगडात त्यांनी खाली दुकान असलेलं दुमजली घर बांधायला काढलं होतं. घराचं तोंड पश्चिमेला. दुपारपासून दिवस मावळेपर्यंत सगळं ऊन समोरच्या भिंतीवर.

"गुरुजी," ते म्हणाले, "आपल्याला समोरची सगळी भिंत जाळीची करायची. अन् जाळीत छत्री पाहिजे. रस्त्यानं जाणाऱ्याला बराबर कळलं पाहिजे, घर कोणाचं हाय."

मी चित्र काढलं. उघडी छत्री, तिच्या काड्या, आणि काड्यांच्या मध्ये मोकळ्या जागा, वारा यायला. मला ते फार देखणं वाटलं. भागवतरावांनी कागद उलटासुलटा करून पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"छत्रीला भोकं?"

"जाळी आहे भागवतराव. भोकं तर लागतीलच."

"ते खरं हाय. पण विरोधक काय म्हणतील? ह्यांची छत्री गळती."

सुमन आत कच चाळत होती, तिथूनच म्हणाली, "अवो, छत्री भरीव ठेवा आन भवतालचं मोकळं करा."

तसं केलं. दीड फुटी चौकोन, मध्ये भरीव छत्री, तिचा दांडा आणि आकडा, टोकं तेवढी चौकटीला टेकलेली, आणि बाकी चारी बाजूंनी मोकळं. त्याचा फायदा मला नंतर कळला. भरीव छत्रीनं वरून येणारं ऊन अडवलं आणि खालच्या मोकळ्या जागेतून वारा आत शिरला. म्हणजे छत्रीनं छत्रीचं काम केलं. हे मी ठरवून केलं होतं असं आजवर सगळ्यांना सांगत आलो आहे.

भिंत रचायचं काम करीमभाई मिस्त्रींकडं होतं. जाळ्या एकमेकींना सिमेंटनं पक्क्या न जोडता चुन्याच्या हलक्या मसाल्यात बसवायच्या, असा माझा आग्रह असायचा. एखादी फुटली तर शेजारच्या न फोडता तेवढीच काढता येते. भागवतरावांना ते पटलं नाही. "म्हंजे माझी भिंत कच्ची?" असं त्यांनी करीमभाईंना विचारलं. करीमभाई म्हणाले, "कच्ची नहीं शेठ, समझदार हाय." भागवतरावांना कौतुक कशाचं झालं ते नीट कळलं नाही, पण त्यांनी मान डोलावली.

घर झालं आणि गल्लीत बघ्यांची रीघ लागली. पण त्या जाळीचं खरं सुख भोगलं ते राधावहिनींनी. राधावहिनी म्हणजे भागवतरावांच्या पत्नी. माप घेणं, कापणं, शिवणं यात त्यांचा हात फार साफ. वरच्या मजल्यावर जाळीच्या मागं मोठा हॉल होता, तो भागवतरावांनी कार्यकर्त्यांच्या बैठकांसाठी काढला होता. वहिनींनी तिथं शिवणक्लास सुरू केला. बैठका खाली दुकानात गेल्या. मस्तगडातल्या, आजूबाजूच्या वस्त्यांतल्या, अगदी मंठ्याहून मामाकडं राहायला आलेल्या मुली तिथं येऊ लागल्या. बाहेर ऊन रणरणत असताना त्या हॉलमध्ये वारं खेळायचं आणि फरशीवर, कापडावर, मुलींच्या पाठीवर छत्र्यांच्या सावल्या पडायच्या. मुलींनी त्या सावल्यांवर वर्तमानपत्र ठेवून पेन्सिलीनं छत्र्या छापून घेतल्या. त्या वर्षी मस्तगडातल्या निम्म्या उशांच्या अभ्र्यांवर छत्री होती. भागवतरावांना वाटलं, प्रचार आहे.

मलाही कामं येऊ लागली, आणि प्रत्येकाला आपलं काहीतरी हवं होतं. टेलरनं कात्री मागितली. बियाणं विकणाऱ्यानं कपाशीचं बोंड. एका निवृत्त तलाठ्यानं आपल्या बायकोच्या नावाचं आद्याक्षर मागितलं, आणि काम अर्ध्यावर आल्यावर सुनेचंही घाला म्हणाला. घरात काय झालं असेल ते मी विचारलं नाही. गल्लीतून चालत गेलं की भिंतींवरून कोण काय करतं ते वाचता यायचं.

मग पुढची निवडणूक आली. आली ती ऐन उन्हाळ्यात.

भागवतराव फॉर्म भरून आले. चिन्हवाटपाच्या दिवशी छत्रीवर आणखी एकानं हक्क सांगितला. तो म्हणजे त्यांच्या घरासमोरच राहणारे वकीलसाहेब. चिठ्ठी टाकली. छत्री वकीलसाहेबांना गेली आणि भागवतरावांना मिळाली बादली.

जालन्यात बादली चिन्ह घेऊन मत मागायला जाणं म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. पहिल्याच गल्लीत बायांनी त्यांना अडवलं. "बादल्या आमच्याकडं लई हायेत, भाऊ. पाणी घेऊन या." भागवतराव घरी परतले तर समोरच्या ओट्यावर वकीलसाहेब खुर्ची टाकून बसलेले. जाणाऱ्या-येणाऱ्याला ते शांतपणे समोरची दुमजली भिंत दाखवत होते. "आपलं चिन्ह," ते म्हणत होते. "ध्यानात राह्यलं ना? हेच."

संध्याकाळी ते माझ्या शेडातही येऊन गेले. "गुरुजी, तुमचे उपकार आहेत. इतका मोठा प्रचार, अन् एका पैशाचा खर्चा न्हाई."

दुसऱ्या दिवशी निवडणुकीचे साहेब आले. त्यांनी भिंत पाहिली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिली आणि भागवतरावांना म्हणाले, "हे झाकावं लागेल."

"साहेब, हे माझं चिन्ह न्हाई. विरोधकाचं हाय. मी कशाला त्याचा प्रचार करू?"

"ते मला माहीत नाही. चिन्ह आहे. झाका."

साहेबांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी फक्त छत्री पाहिली. भागवतरावांनी ताडपत्री आणून वरपासून खालपर्यंत बांधली.

त्या ताडपत्रीनं हॉलची भट्टी झाली. वारा बंद, उजेड बंद, आणि काळी ताडपत्री दुपारभर तापून आत धग टाकायची. दोन दिवस मुलींनी घामानं भिजत मशिनं चालवली. तिसऱ्या दिवशी एक मुलगी घेरी येऊन मशीनवरच कलंडली. सुई लागली नाही हे नशीब. तिला पाणी पाजून, खाली आणून झोपवलं. पण बातमी घरोघरी गेली. मुलींना क्लासला पाठवायला आधीच घरचे का-कू करायचे. आता त्यांना कारण मिळालं. दोन मुलींचे वडील येऊन सांगून गेले, आता बस झालं शिकणं. राधावहिनी खालच्या पायरीवर बसून राहिल्या होत्या, हे मला करीमभाईंनी सांगितलं.

त्याच संध्याकाळी भागवतरावांचा निरोप आला. मी गेलो. ते हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होते.

"गुरुजी, जाळी काढून टाका. सगळी. मी विटा मागवून ठेवल्यात. पक्की भिंत घालून टाकतो. जिंदगीभर दुसऱ्याचं चिन्ह छातीवर घेऊन फिरायचं का?"

"अन् माझा क्लास?" राधावहिनी म्हणाल्या. त्या कापणीच्या टेबलाशी उभ्या होत्या.

"भिंत झाली की पंखे लावू."

"वीज किती येळ असती, ते तुम्ही नगरसेवक हायेत, तुम्हालाच ठावं."

भागवतराव माझ्याकडं बघायला लागले. मी भिंतीकडं बघायला लागलो. ती भिंत फुटली असती तर गावभर बोभाटा झाला असता आणि कात्रीवाले, बोंडवाले सगळे मला जाब विचारायला आले असते. पण त्याहून जास्त मला त्या हॉलमधल्या उजेडाचं वाईट वाटत होतं. मी तिथं उगाचच अधूनमधून जायचो, जाळी कशी आहे ते बघतो असं सांगून.

विचार करता करता एक गोष्ट सुचली. "भागवतराव, छत्री उलटी केली तर काय दिसेल?"

"काय?"

"खाली पोट, वर दांडा आणि टोकाला आकडा. दोरीला लटकवलेली बादली."

भागवतराव जागच्या जागी थांबले. मग इतके खूश झाले की त्यांनी माझे दोन्ही हात धरले. सकाळीच करीमभाईंना बोलावलं. चुन्याचा मसाला होता म्हणून जाळी अलगद सुटली. ताडपत्री थोडी सोडून एक ओळ उलटी करून बसवली. खरंच बादली दिसायला लागली. भागवतराव रस्त्यावर उभं राहून पुन्हा पुन्हा बघत होते. समोर वकीलसाहेबांनी खुर्ची आत नेली.

दुपारी निवडणुकीचे साहेब पुन्हा आले. भागवतरावांनी मोठ्या अभिमानानं त्यांना नवीन ओळ दाखवली. "आता छत्री न्हाई साहेब. मिटला प्रश्न."

साहेबांनी निरखून पाहिलं. "ही बादली आहे?"

"बराबर वळखलं साहेब."

"बादली तुमचं चिन्ह आहे. झाका."

भागवतराव पायरीवर बसले. करीमभाई परातीत मसाला ढवळत राहिले, कारण काय करावं ते त्यांना कोणी सांगत नव्हतं. साहेबांना पाणी दिलं, चहा दिला. भलते सज्जन गृहस्थ होते. "माझा इलाज नाही हो," असं तेच आम्हाला समजावत होते.

तेवढ्यात वरून राधावहिनींनी हाक मारली. "गुरुजी, जल्दी वर या. साहेबांना पण आणा."

आम्ही सगळे वर गेलो. कापणीच्या टेबलावर त्यांनी वर्तमानपत्राचे चार चौकोन मांडले होते. मुलींनी सावलीवरून छापून कापलेल्या छत्र्या. टेबलक्लॉथच्या कोपऱ्यांत नक्षी काढताना प्रत्येक कोपऱ्यात ती फिरवून घ्यावी लागते, ते त्यांच्या हातातलं रोजचं काम. त्यांनी तेच केलं होतं, फक्त चारी कोपरे जवळ आणले होते. एका चौकोनातली छत्री वर, शेजारच्या चौकोनातली उजवीकडं, तिच्या खालची खाली, आणि उरलेली डावीकडं.

टेबलावर छत्री उरली नव्हती आणि बादलीही नव्हती. चार पाती गरगर फिरताहेत असं काहीतरी झालं होतं. चार आकडे एकाच दिशेनं वळल्यामुळं ते कागद स्थिर असूनही डोळ्याला फिरल्यासारखे वाटत होते. मी चित्रकला शिकलो होतो आणि ती छत्री मीच काढली होती, पण तिच्या पोटात हे दडलंय हे मला दिसलं नव्हतं. मला वहिनींचा थोडा हेवा वाटला आणि फार आनंद झाला.

"साहेब, हे काय हाय?" वहिनींनी विचारलं.

साहेब टेबलाभोवती एक फेरी मारून आले. "भिंगरी," ते म्हणाले.

"भिंगरी कोणाचं चिन्ह हाय का?"

साहेबांनी पिशवीतून यादी काढली. वरून खाली बोट फिरवलं, मग खालून वर. त्यांनाही सुटल्यासारखं झालं असावं, कारण ते पहिल्यांदाच हसले. "नाही. भिंगरी कोणाचीच नाही."

मग काम सुरू झालं. करीमभाईंनी वरून सुरुवात केली. चार जाळ्या सोडवायच्या, घासून चुना काढायचा, फिरवून बसवायच्या. जुन्यातली एकही टाकून दिली नाही. दोन-चार फुटल्या, त्या मी शेडातून नव्या आणून दिल्या. ताडपत्री जसजशी खाली सरकत होती तसतशी भिंगऱ्यांची रांग उघडी होत होती. गल्लीतले लोक कामं सोडून बघत उभे राहायचे. वकीलसाहेब ओट्यावर आले.

"भागवतराव, आमची छत्री मोडली की हो तुम्ही."

"मोडली न्हाई वकीलसाहेब," भागवतराव म्हणाले. "फिरवली."

क्लास सुरू झाला. ज्या दोन मुलींना घरी बसवलं होतं त्यांच्या घरी वहिनी स्वतः गेल्या. एक आली. दुसरीचं लग्न ठरवून टाकलं होतं, ती आली नाही. वहिनींनी तिचं मशीन बरेच दिवस दुसऱ्या कोणाला दिलं नाही.

निवडणुकीत भागवतराव पडले. वकीलसाहेब छत्रीवर निवडून आले. भागवतराव पुढं कायम सांगायचे की मला बादलीनं पाडलं, आणि ते खरंही असेल. काही दिवस ते दुकानातही बसले नाहीत. मग एकदा माझ्या शेडात आले, रिकाम्या सिमेंटच्या पोत्यावर बसले आणि म्हणाले, "गुरुजी, काल एक माणूस अंबडहून आल्ता. घर बघायला. मी नगरसेवक व्हतो तवा अंबडहून मला बघायला कोणी आल्तं न्हाई."

लोक त्या घराला भिंगरीचं घर म्हणायला लागले. छत्रीचं कोणाच्या ध्यानातही राहिलं नाही. भागवतरावांनी पुन्हा निवडणूक लढवली नाही, पण घर बघायला कोणी आलं की ते स्वतः वर घेऊन जायचे आणि भिंतीजवळ उभं करून म्हणायचे, "इथं थांबा जरा. आता बघा वारा." वारा त्यांनीच सोडल्यासारखा.

माझ्याकडं तोवर पुरुष गिऱ्हाईक यायचे. मिस्त्री, ठेकेदार, घरमालक. आता बाया यायला लागल्या. क्लासमधल्या मुली लग्न होऊन गेल्या होत्या, कोणी बदनापूरला, कोणी परतूरला, कोणी घनसावंगीला. सासरी घर बांधायला काढलं की नवऱ्याला पुढं घालून त्या माझ्या शेडात यायच्या. नवरा भाव विचारायचा आणि बायको सांगायची, "आमच्या बाईंच्या क्लासात व्हती तशी पाहिजे. अन् पश्चिमेला पाहिजे, पूर्वेला न्हाई." कुठल्या दिशेला किती ऊन येतं, वारा कुठून येतो, हे त्या नीट बोलायच्या. त्या हॉलमध्ये बसून त्यांनी ते अंगानं शिकून घेतलं होतं. एका वर्षी परतूरला कामासाठी गेलो तर एका गल्लीत समोरासमोर तीन घरांना भिंगरी. मी तिथं उभा राहून तंबाखू मळत राहिलो. कोणीतरी विचारलं, कोणाकडं जायचंय? मी म्हटलं, कोणाकडं नाही, असाच.

नव्वद सालानंतर वारं फिरलं. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या, काचा आल्या. घर बांधणारा दर्शनी बाजूला 'एलिव्हेशन' म्हणायला लागला. जाळी म्हणजे संडासाची, असं एका इंजिनिअर साहेबांनी माझ्या तोंडावर सांगितलं. भागवतरावांच्या मुलानं खालच्या मजल्याची जाळी काढून दुकानाला काच लावली. वरच्या मजल्याला हात लावायची त्याची हिंमत झाली नाही. तिथं राधावहिनी होत्या. काढलेल्या जाळ्या त्यांनी वडीगोद्रीच्या शेतावर पाठवल्या आणि दिरानं त्या गोठ्याला बसवल्या. जालन्यातल्या दुकानात दिवसभर पंखा चालतो आणि वडीगोद्रीची जनावरं गार वाऱ्यात उभी असतात. मला हे वाईट वाटावं की बरं, ते अजून ठरलेलं नाही.

दोन हजार साल उलटल्यावर मी शेड सोडलं. लाकडी साचे वाळवीनं खाल्ले होते, पत्र्याचे भंगारात दिले. ते हातगाडीवर चढवताना सुमन बाहेर आली नाही. आत भांडी घासत राहिली, घासलेलीच पुन्हा.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी शोभा नावाची एक बाई घरी आली. तीही क्लासातलीच, मंठ्याला दिलेली. घराच्या मागच्या बाजूला एक पडवी काढत होती आणि तिला जाळी हवी होती. मी सांगितलं, बाई, साचेच राहिले नाहीत.

"साचे कशाला?" ती म्हणाली. "जुनं घर पाडल्यालं हाय. विटा पडून हायेत. विटांची फिरवता न्हाई येणार का?"

मी उठलो. मग स्वयंपाकघरातून काड्यापेट्या आणल्या आणि सुमनसह आम्ही तिघं जमिनीवर मांडत बसलो. एक आडवी, एक उभी, एक आडवी, एक उभी, मध्ये चौकोनी भोक. जमत होतं.

मी मंठ्याला गेलो. तिथला मिस्त्री भला माणूस होता, त्यालाही गंमत वाटली आणि त्यानं मन लावून भिंत उचलली. जुन्या विटा, कुठं भाजून काळ्या पडलेल्या, कुठं केशरी. त्या रंगांनी भिंत अशी उठून दिसली की रंग देऊ नका असं मी बजावून सांगितलं. शोभाचे सासरे, तात्या, सगळा वेळ समोर उभे होते. त्यांना हे बिलकुल मान्य नव्हतं.

"एवढी भोकं ठेवायची तर भिंत घालताच कशाला?" त्यांनी मला विचारलं.

"ऊन बाहेर ठेवायला, तात्या."

"आन कुत्री-मांजरं?"

"ती पण बाहेर."

"आन चोर?"

"चोराचा हात आत येईल. चोर नाही येणार."

"मंग हात कशाला येऊ द्यायचा?" तात्या म्हणाले आणि रागानं निघून गेले.

महिनाभरानं शोभाचा निरोप आला, काम पूर्ण झालं, जेवायला या. सुमनला घेऊन दुपारच्या बसनं गेलो. ऊन भरात होतं. शोभानं दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. पडवीत तात्यांनी आपली बाज आणून टाकली होती. जाळीतून आलेला वारा त्यांच्या अंगावरून जात होता, धोतराचा सोगा हलत होता, आणि तात्या तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते. अंगावर उजेडाचे चौकोन पडले होते.

"रोज असंच," शोभा हळूच म्हणाली. "उठले की मंग भोकांबद्दल बोलत्यात."

आम्ही स्वयंपाकघरात बसून, भांड्याचा आवाज न करता जेवलो. चहासुद्धा फुंकर न घालता प्यायलो. तात्या उठायच्या आत जालन्याची बस पकडली.